सरांना नावानं हाक

सर्वेश : ...आणि मग मी खुर्चीच्या हातावर टकटक केलं.

आई : टकटक? ती कशाला?

सर्वेश : सरांनी माझ्याकडे बघावं म्हणून. त्यांनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, 'अहो, ऐकलंत का?'

आई : अगं बाई! सरांना?

सर्वेश : हसू नको ना, आई! पोरं हसून हसून खुर्चीवरून पडली. आता कॉलेजात माझं नाव पडलंय, सूनबाई.

आई : थांब, थांब, मशीन बंद करते. हसता हसता या ब्लाउजची बाही पाठीला शिवली जायची. अरे, पण सरळ 'सर' म्हणायचं की!

सर्वेश : तेच तर चालत नाही. किती वेळा सांगितलं तुला! आमच्या कॉलेजात सर नाही, मॅडम नाही. एवढंसं कॉलेज, शंभर पोरंही नसतील. गोल करून बसायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारायची. सरांचं नाव तानाजी. म्हणजे 'तानाजी' म्हणायचं. बस्स.

आई : वय काय त्यांचं?

सर्वेश : साठीच्या पुढे. पांढरी दाढी, इथपर्यंत.

आई : आणि पोरं त्यांना नुसतं तानाजी म्हणतात?

सर्वेश : ती मनाली तर 'तानाजी, तू चुकतोयस' म्हणते. घोडबंदरला टॉवरमध्ये राहते. त्यांच्या घरी कुत्र्याला 'आप' म्हणतात, आणि सरांना अरे-तुरे!

आई : माझी तर जीभ झडेल.

सर्वेश : माझी चिकटते. 'ता'पर्यंत गाडी बरोबर जाते. पुढचं 'नाजी' घशातच बसतं.

आई : पहिल्या दिवशी पण असलंच काहीतरी करून आलेलास ना तू? ताटाचं?

सर्वेश : ते नको काढू.

आई : काढणार! प्रिन्सिपल बाईंच्या हातातलं खरकटं ताट ओढून घेतलंस.

सर्वेश : मला काय माहीत तिकडे सगळे आपापलं ताट धुतात! एवढी मोठी बाई नळाखाली ताट घेऊन उभी. मी म्हटलं, द्या मॅडम. त्या म्हणतात नको. मी ओढतोय, त्या ओढतायत. शेवटी आमटी त्यांच्या साडीवर.

आई : माझे संस्कार रे ते. वाया नाही गेले.

सर्वेश : तुझ्या संस्कारांनीच माझी वाट लावलीय. मंगळवारी माझा नंबर आहे, आई. आता खरंच मस्करी नको.

आई : कसला नंबर?

सर्वेश : चर्चा मी सुरू करायची. तानाजी सरांनी एक मत मांडलंय, ते मी खोडायचं. त्यांच्याकडे बघून, नाव घेऊन. आधी दोनदा माझा नंबर आलेला, दोन्ही वेळा 'पास' म्हटलं. आता नाही बोललो तर त्या विषयात उडालो.

आई : आणि उडालास तर बाबा...

सर्वेश : बाबांचं ठरलंय. नाही जमलं तर एक तारखेपासून हितेशकाकाकडे. केबलची वायर खांद्यावर घ्यायची आणि आपल्या दिवा गावातल्या गच्च्या चढायच्या. काकाचा धंदा वाईट नाही गं. पण मला हे आवडायला लागलंय. रोज घाबरतो, तरी दुसऱ्या दिवशी लवकर जातो.

आई : मग बोल ना रे राजा! काय खोडायचंय ते तरी सांग.

सर्वेश : सर म्हणतात, टंचाई आली की माणूस फक्त स्वतःपुरतं बघतो. मी म्हणणार, आमच्या दिव्यात या. पाण्याचा टँकर आला की पहिला पाइप बाळंतिणीच्या घरात जातो. कुणाला सांगावं लागत नाही.

आई : कुणी सांगितलं तुला हे?

सर्वेश : म्हणजे? मी बघितलंय!

आई : तू खिडकीतून बघितलंयस. मी खाली असते. गेल्या वेळी त्या शांताबाईनं माझी कळशी पायानं सरकवली. मी तिच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हा कुठे पाइप हातात आला.

सर्वेश : अगं, मग माझा मुद्दाच गेला!

आई : गेला कुठे? बाळंतिणीचं पाणी भरलंच. पण आधी भांडण झालं, मग भरलं. आणि भरलं कुणी? शांताबाईनंच. तीन मजले चढून.

सर्वेश : ...हे भारी आहे. भांडतात पण आणि भरतात पण. हेच बोलतो.

आई : बोल. आता नाव घेऊन दाखव. मी तानाजी.

सर्वेश : तू तानाजी कशी वाटणार! तुझंच नाव घेतो, प्रॅक्टिस म्हणून. चालेल? निशा...

आई : एक ठेवून देईन हां!

सर्वेश : निशा, मला तुझं पटत नाही. आजची भाजी खारट होती.

आई : मेल्या, आईला नावानं हाक मारतोस! लाज वाटत नाही?

सर्वेश : बघ! तुझ्यासमोर जमलं, सरांसमोर जमणार नाही. आता तू बाबांना मार.

आई : काय मार?

सर्वेश : हाक. नुसतं 'सुदेश'. वीस वर्षं झाली लग्नाला, एकदा तरी घेतलंयस नाव? आपली डील. तू बाबांना नावानं हाक मारायची, मी सरांना.

आई : घेतलंय की नाव. लग्नात घेतलं, तुझ्या बारशाला घेतलं, दर हळदीकुंकवाला घेते. 'टँकर आला दारी, हंड्यांचा थाटमाट. सुदेशरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.'

सर्वेश : ही चीटिंग आहे. उखाण्यात कोणी पण घेईल.

आई : उखाण्यात जीभ अडत नाही रे. आपोआप पुढे सरकते. तोंड उघडायचं आणि यमकावर सोडून द्यायचं.

सर्वेश : आई.

आई : काय?

सर्वेश : परत सांग. अडत नाही?

आई : सर्वेश! असलं काही करायचं नाही हां. भर वर्गात! सर्वेश, माझ्याकडे बघ. शपथ घे!

(मंगळवारची संध्याकाळ. तीच खोली.)

आई : चपला काढ, पाणी पी, आणि पटकन सांग. दुपारपासून एक टाका सरळ पडला नाही माझा.

सर्वेश : तुझी शपथ मोडली.

आई : तू शपथ घेतलीच नव्हतीस. काय केलंस?

सर्वेश : माझा नंबर आला. मी 'ता' म्हटलं आणि अडकलो. मनाली हळूच म्हणते, 'बोला सूनबाई.' मग माझी सटकली. उभा राहिलो. तिकडे कुणी उभं राहून बोलत नाही, तरी राहिलो. डोळे मिटले आणि म्हटलं, 'गोल मांडल्या खुर्च्या, मधोमध सतरंजी. मला नाही पटत तुमचं, अहो तानाजी!'

आई : देवा रे! पोटात दुखतंय माझ्या. मग?

सर्वेश : मला वाटलं, संपलो, आता थेट केबल खांद्यावर. आणि सर हसायला लागले. चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले, परत हसले. मनालीनं तर शिट्टी मारली.

आई : रागावले नाहीत?

सर्वेश : नाही. पण हसणं थांबल्यावर चष्मा परत लावला. त्यांची बायको गेली दोन वर्षांपूर्वी. म्हणाले, 'घरात अहो म्हणणारं कुणी राहिलं नाही आणि कॉलेजात मीच बंदी घालून ठेवली. बरं वाटलं ऐकून. तू म्हणत जा.'

आई : अगं बाई. डोळ्यांत पाणी आणलंन रे त्या माणसानं.

सर्वेश : थांब, पुढे ऐक. म्हणाले, 'आता सांग, काय नाही पटत?' आणि मी सुटलो. शांताबाई, कळशी, सात पिढ्या, सगळं सांगितलं. सर म्हणाले, मला अजून पटलेलं नाही. मी म्हटलं, मग दिव्यात या एकदा, पाइप धरा. ते म्हणाले, येतो. आणि पुढच्या मंगळवारी परत मीच सुरुवात करायची, इथूनच पुढे.

आई : म्हणजे पास?

सर्वेश : पास गं! आई, रडतेस काय वेड्यासारखी?

आई : रडत नाही. दाराकडे बघ, बाबा आलेत.

बाबा : काय चाललंय? खालपर्यंत आवाज येतोय.

सर्वेश : बाबा, मी बोललो आज! वर्गात. पुढच्या मंगळवारी परत...

बाबा : पुढचा मंगळवार विसर. हितेशकडूनच येतोय. एक तारखेला ये म्हणालाय. मी हो सांगून टाकलं.

सर्वेश : पण नाही जमलं तर जायचं, असं ठरलेलं!

बाबा : नाही जमलं. दिसतंय मला. रात्री गॅलरीत उभा राहून भिंतीला 'तानाजी, तानाजी' करतोस. शांताबाई विचारत होती, पोराला बाहेरचं काही लागलंय का.

आई : अहो, जरा ऐका ना. आज त्याला...

बाबा : चहा टाक आधी.

आई : अहो, त्याचे सर म्हणाले...

बाबा : गोल करून बसायचं आणि गप्पा मारायच्या, याला शिक्षण म्हणतात? मी लिफ्ट दुरुस्त करतो. शेवटी काहीतरी वर जातं, खाली येतं. याचं काय होतं? झालं बोलून माझं. हितेशला शब्द दिलाय.

आई : सुदेश.

सर्वेश : आई!

आई : तू मध्ये बोलू नको. सुदेश, मला नाही पटत.

बाबा : ...काय म्हणालीस?

आई : ऐकलंत तुम्ही. परत म्हणायला लावू नका. पण मला नाही पटत.

बाबा : सर्वेश, हे तुमच्या कॉलेजात शिकवतात?

सर्वेश : हो, बाबा. पहिल्याच सत्रात.

बाबा : हं.

सर्वेश : चहा मी टाकतो.

बाबा : टाक. तिघांचा टाक. त्या मशीनजवळची खुर्ची इकडे घे, निशा. बस. काय नाही पटत ते सांग.