वायरीच्या टोकाचं टोपण

नाव : सौ. सिंधुबाई मोतीराम बोरस्ते, वय ५३, शिक्षण चौथी, धंदा साडीला फॉल-पिको करणे, राहणार हिरावाडी, पंचवटी, नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती मोतीराम असे दोघेच राहतो. पती सिन्नरच्या कारखान्यात वायरमन होते. दोन वर्षांमागे रिटायर झाले, तेव्हापासून त्यांना जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद आहे. लोक घरातलं भंगार बाहेर देतात, हे बाहेरचं घरात आणतात. सध्या पाच आहेत, प्रत्येक जुन्या टीव्हीएवढा. त्यापायी माझं पिकोचं मशीन गॅलरीत गेलं.

पाचही कॉम्प्युटर एका काळ्या वायरीने जोडलेले आहेत. वायर हॉलमधून निघून खिडकीबाहेरून स्वयंपाकघरात येते. जोडून काय होतं, असं साहेबांनी विचारलं. या खोलीत टाइप केलेलं त्या खोलीत दिसतं, एवढंच होतं. मध्ये नऊ पावलं आहेत. हाक मारली तरी भागतं, पण हाकेला वायर लागत नाही म्हणून ह्यांना ती आवडत नसावी.

काल दुपारी चारच्या सुमारास फौजदार साहेब व दोन हवालदार घरी आले. वरच्या मजल्यावरचे रंगनाथ यांनी, आमच्याकडे क्रिकेटचा सट्टा चालतो, अशी खबर दिली होती. रंगनाथ यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी माझ्या पिकोच्या साड्यांवर गळतं, त्यावरून आमची भांडणं आहेत. सट्ट्याला डोकं लागतं, हे मी साहेबांना तेव्हाच सांगितलं.

पतीने प्रत्येक कॉम्प्युटरला नावाची चिठ्ठी लावली आहे. दत्तू, देवराम, शेखर, आशा ही त्यांच्या कारखान्यातली माणसं. पाचवा स्वयंपाकघरातला, त्याचं नाव सिंधू, म्हणजे मी. साहेबांना वाटलं ही टोळी. म्हणाले, "हा देवराम कुठे सापडेल?" मी म्हणाले, "अमरधाममध्ये. मागच्या पोळ्याला वारला." हवालदाराने तो पत्ता लिहून घेतला.

नंतर साहेबांनी स्वयंपाकघरात वायरीच्या टोकाचं चकचकीत टोपण पिरगाळून काढलं. लगेच पाचही कॉम्प्युटर अडकून बसले. पती "अहो, टोपण! आधी टोपण लावा!" म्हणत धावले. साहेब म्हणाले, "पुरावा नष्ट करतो काय?" आणि ह्यांना गाडीत घातलं. तेव्हापासून ते ठाण्यात आहेत.

खरं असं की, दिवाळीच्या आवराआवरीत मीही तेच टोपण काढून भांड्यांत घासायला टाकलं होतं. तेव्हाही सगळं असंच बंद पडलं. पतीने समजावलं की, टोपण असलं की निरोप टोकाशी जिरतो. नसलं की आपटून मागे फिरतो, मग कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. मी चौथी शिकलेली, मला कळलं. टोपण परत लावल्यावर सगळं चालू झालं. माझ्यावर पुरावा नष्ट केल्याची केस झाली नाही.

जप्त करून ठाण्यात आणलेल्या मालाच्या पंचनाम्यात पाच कॉम्प्युटर, वायर, दोन पाट व एक स्टूल आहे. टोपण नाही. ते साहेबांच्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत आहे, मला इथून दिसतंय. तेही लिहावं.

आज सकाळी साहेबांनी सिंधू नावाचा कॉम्प्युटर ठाण्यात चालू करून त्यातले निरोप वाचले. बोलणं मराठी पण अक्षरं इंग्रजी, ती मला येत नाहीत. तो रोज ओट्याजवळ टिंग करायचा. मी विचारलं की हे म्हणायचे, "काही नाही, टेस्टिंग चाललंय." पहिला निरोप : गुडघ्याला तेल लाव. दुसरा : आज डाळ झकास झाली. तिसरा : सकाळी उगाच ओरडलो. यातलं काही त्यांनी तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नाही. चौथा साहेबांनी मनातच वाचला, पडदा भिंतीकडे फिरवला व हवालदाराला चहा आणायला पाठवलं. "यात सट्ट्याचं काही नाही, बाई," असं म्हणाले. मी आधीच सांगितलं होतं.

वरील जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. चौथा निरोप वाचून दाखवलेला नाही. तो ज्याने लिहिला त्याने घरी येऊन तोंडाने सांगायचा आहे, तरी त्याला आजच सोडावं, सोबत टोपण द्यावं.

सही : सिंधुबाई मोतीराम बोरस्ते