एका रिंगचा चहा

पार्ल्याच्या टेलिफोन ऑफिसात लँडलाइन बंद करायची रांग होती. रुचिराच्या पुढेच एक वयस्कर जोडपं उभं होतं. तिनं कानातलं गाणं बंद केलं. आजोबा आजींना विचारत होते,

“फोन बंद झाल्यावर तुला कळणार कसं, चहा कधी ठेवायचा ते?”

“मोबाईलवर सांगा की.”

“इतकी वर्षं स्टेशनवरून एक रिंग द्यायचो नि कापायचो. एक पैसा कधी पडला नाही!”

“पराक्रमच तो! आणि न बोलता दर महिन्याला भाडं भरलंत, त्याचं काय?”

“मग मोबाईलवरही एकच रिंग देईन.”

“अहो, आता बोलणं फुकट आहे! ‘सुगंधा, निघालोय गं,’ एवढं म्हणायला काय जातं?”

“निघालोय, हे तुला माहीत असतंच ना?”

“माहीत असतं. ऐकलं नाही कधी.”

“बरं बाई. थांब, दाराशी जाऊन करतो.”

आजोबा दारापाशी गेले. आजींच्या पिशवीत मोबाईल वाजला. त्यांनी सवयीनं हात पदराला पुसले, फोन बाहेर काढला, तोवर रिंग थांबली.

“अहो, कापलात कशाला?”

“तू उचलत होतीस ना!”