सकाळच्या बातम्या

सासरे: मधलं गाळू नकोस. आत गेलीस, साहेबांनी बसा म्हटलं, मग?

सून: मग त्यांनी दार लावून घेतलं, बाबा. मला वाटलं, काहीतरी चुकलंय. कालच्या बातम्यांत एखादं नाव भलतंच वाचलं असेल.

सासू: दार लावलं म्हणजे आता काढून टाकणार, असंच आलं असेल हिच्या मनात. हिचं मन आधी वाईटाकडे धावतं.

सासरे: अगं, तिला बोलू दे की.

सून: म्हणाले, सकाळच्या मुख्य बातम्या वाचणारे आमचे गृहस्थ निवृत्त होतायत. त्यांच्या जागी तुम्ही या. बदली म्हणून नाही, कायमच्या.

सासू: म्हणजे रेडिओवर रोज सकाळी तू?

सून: सुट्टीचा वार सोडून रोज, आई.

सासू: थांब. मला आधी खाली बसू दे.

सासरे: तू काय सांगितलंस त्यांना?

सून: घरी विचारून उद्या सांगते म्हटलं.

सासरे: घरी कोणाला विचारायचं होतं? नवऱ्याला?

सून: त्यांना बसची वाट बघतानाच फोन केला. ते बांधकामावर होते. माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, हो म्हणून टाक म्हणाले, आणि मग तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगत सुटले. फोन ठेवायचाही विसरले.

सासू: तो लहानपणापासून तसाच. पोटात काही राहत नाही.

सासरे: मग विचारायचं राहिलं कोण?

सून: तुम्ही.

सासरे: मी?

सून: सकाळच्या बातम्या म्हणजे अंधारात घर सोडावं लागणार. पेपर दारात पडेल तेव्हा मी स्टुडिओत असेन. तुम्हाला वाचून कोण दाखवणार? म्हणून मी विचार केला, दुपारच्या बातम्यांना जागा आहे का विचारावं.

सासरे: आहे?

सून: नाही. दुपारी सध्या आहे तशीच बदलीवर, कोणी रजेवर असलं की.

सासरे: म्हणजे माझ्या पेपरासाठी तू आयुष्यभर बदलीवर राहणार. बरं झालं सांगितलंस. मला आपलं वाटत होतं, डोळे गेले तेव्हाच मी लोकांच्या वाटेतून बाजूला झालो.

सून: बाबा, असं नका ना बोलू.

सासरे: मग कसं बोलू? इतकी वर्षं बस चालवली. पुढचा रस्ता मोकळा असताना ब्रेकवर पाय ठेवून बसणारा माणूस मला कधी आवडला नाही.

सासू: अहो, पोरगी आनंदाची बातमी घेऊन आलीय. तुम्ही तिला रस्त्यात उतरवायला निघालात.

सासरे: मला आनंद झालाय. म्हणूनच चिडलोय.

सून: मला माहितेय. पण माझंही ऐका. साहेबांनी विचारलं, तुम्ही आधी इथे टेलिफोनवर बसत होतात, वाचायचं शिकलात कुठे? मी म्हटलं, घरी. ते हसले. त्यांना वाटलं, मी सांगायचं टाळतेय.

सासरे: मग सांगायचं होतंस कुठल्या तरी क्लासचं नाव.

सून: कुठल्या क्लासचं? मी या घरात आले तेव्हा मला धड हाकही मारता येत नव्हती.

सासू: ते मी सांगते. दारात कोणी आलं की ही आतूनच मान हलवायची. आता आत हलवलेली मान बाहेरच्याला दिसते का? दूधवाला मला म्हणाला होता, तुमच्या सूनबाई मुक्या आहेत का हो?

सून: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

सासू: आज सांगायला हरकत नाही. आज तू रेडिओवर आहेस, तो अजून दूधच घालतोय.

सून: आणि बाबा रोज पेपर घेऊन बसायचे. व्यवस्थित पानं उलटायचे, मध्येच हं म्हणायचे. चष्मा मात्र टेबलावर तसाच.

सासरे: तुला दिसला होता तो चष्मा?

सून: पहिल्याच आठवड्यात.

सासू: मला दिसला नाही बघ. म्हणजे दिसला असेल, पण मी मनावर घेतलं नाही. यांनी बसच्या किल्ल्या डेपोतल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, समोरचा माणूस मला उशिरा दिसतो, आता मी गाडी नेणार नाही म्हणाले. तेवढं मला ठाऊक होतं. पण पेपरातली अक्षरंही गेली, हे यांनी घरात कळू दिलं नव्हतं.

सासरे: सांगून काय झालं असतं? सगळे गप्प बसले असते.

सून: मी म्हटलं, बाबा, मला वाचायची सवय राहिली नाहीये, मी मोठ्यानं वाचलं तर चालेल का?

सासरे: खोटं बोललीस.

सून: तुम्हीही खोटंच बोललात. म्हणालात, वाच, पण मी नुसतं कान देईन, मला काम आहे.

सासू: काम कसलं, तर पाय हलवत बसायचं.

सासरे: पहिले काही दिवस मला खरंच फक्त बातम्या हव्या होत्या. त्यात काही मोठेपणा नव्हता. तू भराभर वाचायचीस, वाक्याचं शेपूट गिळायचीस, आणि मला कळायचं नाही की मंत्री आला की गेला. म्हणून टेबलावर बोट वाजवायचो.

सून: टक् करून. त्या आवाजाची मला आधी इतकी भीती वाटायची. आता स्टुडिओत लाल दिवा लागला की तो आवाज नसतो, तर चुकल्यासारखं होतं.

सासरे: मग तू रेडिओच्या कचेरीत टेलिफोनवर लागलीस आणि एक दिवस म्हणालीस, तिथे आवाजाची परीक्षा असते, देऊ का? तेव्हापासून मात्र मी मुद्दाम छळलं तुला. ते कबूल.

सून: पहिल्या परीक्षेत नापास झाले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

सासरे: नाही बुवा.

सून: दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओढून म्हणालात, चला, पेपर आला. मी रात्रभर रडले होते. डोळे सुजले होते, ते तुम्हाला दिसणार नव्हते, म्हणून बसले.

सासरे: आवाज सुजला होता तुझा. तो ऐकू येत होता.

सून: त्या दिवशी तुम्ही मला गाडीभोवती फेरी मारायला शिकवलंत.

सासू: ही कुठली फेरी?

सासरे: डेपोतून गाडी काढायच्या आधी मी तिच्याभोवती एक चक्कर मारायचो. टायर बघायचे, आरसे बघायचे, खाली कुत्रं झोपलंय का बघायचं. रोजचीच गाडी, रोजचाच रस्ता, तरी. बाकीचे हसायचे. मी हिला म्हटलं, तू थेट वाचायला लागतेस. आधी सगळं एकदा नजरेखालून घाल. मग हळू आवाजात वाच. अडेल तिथे थांब. कोणाचं नाव येत नसेल तर विचार, लाजू नकोस. आणि जे वाचतेस ते तुला दिसलं पाहिजे. मला नाही दिसलं तर चालेल.

सून: दुसऱ्या परीक्षेत मी तेवढंच केलं. बाकीचे व्हरांड्यात गप्पा मारत होते, मी जिन्याखाली उभी राहून भिंतीला वाचून दाखवत होते.

सासू: आणि लोक म्हणतात, नशीब लागतं.

सून: नशीबही होतं, आई. तुम्ही सकाळचा सगळा स्वयंपाक अंगावर घेतलात ते नशीबच. मी टेबलाशी वाचत बसायचे आणि आत तुम्ही एकट्या. एकदाही भांडं आपटलं नाहीत.

सासू: आपटलं असतं तर यांना बातमी ऐकू आली नसती, आणि मग मलाच दिवसभर विचारत बसले असते. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

सून: लावून घेणार. आज मला सगळं बोलायचंय. साहेबांनी ही जागा मला का दिली, माहितेय? आवाजासाठी नाही. माझ्यापेक्षा गोड आवाज आहेत तिथे. त्या पुराच्या सकाळसाठी दिली.

सासरे: तू कोणाच्या तरी बदलीवर गेली होतीस, ती?

सून: तीच. मी घरी येऊन तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मला वाटलं, आपण होऊन मोठेपणा कशाला सांगा.

सासरे: आता पूर्ण सांग.

सून: धरणातून पाणी सोडलं होतं. बातम्यांचे कागद हातात आले ते अगदी आयत्या वेळी. संपादक, म्हणजे हेच साहेब, म्हणाले, चला, आत बसा. मी म्हटलं, एकदा वाचून घेते. ते वैतागले, पण मी दारातच उभी राहून वाचलं. पहिली बातमी होती, नदीवरचा जुना पूल बंद केलाय, कोणी त्यावर जाऊ नये. आणि खाली शेवटी, डाव्या काठावरच्या वस्तीनं मोठ्या शाळेच्या इमारतीत जावं.

सासरे: डाव्या काठावरच्या वस्तीनं? मोठी शाळा तर पलीकडे आहे. पुलावरून उतरलं की उजव्या हाताला. माझा शेवटचा थांबा होता तो.

सून: म्हणूनच मला ठाऊक होतं. पेपरात त्या बाजूचं काही आलं की तुम्ही थांबवायचात, कुठल्या बाजूला ते सांग, आणि मला सांगता आलं नाही की सगळा रस्ता थांब्याथांब्यानं सांगायचात. कंटाळा यायचा मला, खरं सांगते. त्या दिवशी वाचता वाचता माझ्या डोळ्यांसमोर ती माणसं घरातून निघाली, पोरंबाळं, बोचकी घेऊन, आणि चालत चालत पुलावर आली. बंद पुलावर.

सासू: अगं आई.

सून: मी संपादकांना म्हटलं, साहेब, या शाळेत जायला हाच पूल ओलांडावा लागतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि फोन उचलला. तिकडच्या कचेरीतून लिहून देतानाच डावा उजवा झाला होता. डाव्या काठाला धान्याच्या गोदामात जायचं होतं. बातम्या थोड्या उशिरा सुरू झाल्या. मी ते वाक्य सावकाश वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

सासरे: आणि पूल?

सून: दुपारी मधला भाग वाहून गेला. त्यावर कोणी नव्हतं.

सासरे: हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस.

सून: आज साहेबांनी सांगेपर्यंत मलाही ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, त्या दिवशी घाई करणारा मी होतो, थांबलात तुम्ही. अशा माणसाच्या हाती सकाळ द्यावी असं वाटतं. मला रडूच आलं. मनात म्हटलं, थांबायला लावणारा माणूस घरी खुर्चीत बसलाय.

सासरे: तसं नाही, पोरी. मी फक्त रस्ता सांगितला. संपादक घाई करत असताना दारात पाय रोवून उभी राहिलीस ती तू. तेवढं मी शिकवलेलं नाही. ते तुझं तू आणलंस.

सून: दोघांचं म्हणा.

सासरे: बरं, दोघांचं. आता मी एक सांगू? डोळे गेले तेव्हा मला वाटायचं, सकाळ उजाडून करायचं काय? कुठे जायचं नाही, कोणी वाट बघत नाही. मग तू वाचायला लागलीस आणि मी पहाटे उठून अंघोळ करून तयार बसायला लागलो. ड्यूटीवर जायचो तसा. तुझे माझ्यावर किती उपकार आहेत, ते मी कधी बोललो नाही. आज बोलतो.

सासू: इतक्या वर्षांत माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले नाहीत हे.

सासरे: तुझ्याशी बोलायला मध्ये जागा मिळायला हवी ना.

सून: बाबा, मग मी काय सांगू उद्या?

सासरे: उद्या कशाला? आत्ता फोन कर. म्हणावं, घरच्यांना विचारलं, घरचे म्हणाले, विचारलंच कशाला.

सून: आणि तुमचा पेपर?

सासरे: रेडिओ लावीन. बातम्या तुझ्याच तोंडून ऐकेन की.

सून: रेडिओ तुम्हाला नाट्यगृहाच्या जाहिराती वाचून नाही दाखवणार. आणि बोट वाजवलं तरी थांबणार नाही.

सासू: मी वाचीन.

सासरे: काय म्हणालीस?

सासू: मी वाचीन म्हटलं. अशी काही निरक्षर नाहीये मी. शाळा मध्येच सुटली, धाकट्या भावंडांना कोण बघणार म्हणून. पण अक्षर लागतं मला. डब्यावरचं वाचते, औषधाचं वाचते. तुमच्यापुढे कधी वाचलं नाही एवढंच. तुम्ही दोघं एवढं झरझर, मी मध्ये कुठे तोंड घालू?

सून: आई, तुम्ही कधीच बोलला नाहीत.

सासू: तूही पुराचं बोलली नव्हतीस. या घरात सगळे एकाच मापाचे. कुठे आहे आजचा पेपर?

सून: सकाळी मला लवकर बोलावलं, म्हणून तसाच राहिलाय. हा घ्या. मी साहेबांना फोन करून येते.

सासू: फोन मग कर. आधी इथे जवळ बस. अडले तर?

(पेपराची घडी उघडल्याचा आवाज. खुर्ची जवळ ओढली जाते.)

सासू: न... नगर... नगरपालिकेच्या... हे काय आहे, सभा... सभागृहात काल... अक्षर किती बारीक करून ठेवलंय मेल्यांनी.

सून: आई, "काल" नंतर जरा थांबा, मग पुढचं...

सासरे: तिला टोकू नकोस.

सासू: का? हिला तर सारखे टोकायचात.

सासरे: हिला सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. तू माझ्यापुरतं वाच. सावकाश वाच, मी ऐकतोय.