कंबर माझी, मालक सगळं कोल्हापूर

नाही, मला सांगा, माणसानं कंबर धरून रस्त्यात उभं राहायचं की नाही? नाही राहायचं! पानवाला सांगतो 'एरंडेल चोळा', रिक्षावाला सांगतो 'फळीवर झोपा', आणि ज्याच्याविरुद्ध मी सलग तीन दिवस छापलं तो नगरसेवकसुद्धा गाडीची काच खाली करून म्हणतो, 'साहेब, जरा वाकायला शिका की!' कंबर माझी, पण मालक सगळं कोल्हापूर!

तुम्हाला सांगतो, यंदाचंच, हे अठ्ठ्याण्णव साल. स्कूटर सुरू होईना म्हणून नेहमीसारखी आडवी केली, उभी केली... ती सरळ झाली, मी वाकडाच राहिलो! तीन महिने दुखणं हटेना. संपादक म्हणाले, 'महिनाभर बघू. नाहीतर डेस्कवर बसा, निधनवार्ता बघा.' निधनवार्ता! बावीस वर्षं राजकारण लिहिणाऱ्या माणसानं?

म्हणून तालमीत गेलो. सयाजी वस्ताद, पैलवानांची हाडं बसवणारे. 'पावणं, पालथं पडा.' पडलो. पाठीला तेल चोळलं, मग पाठीवर गुडघा, खांदा मागं, आणि असा कडाका निघाला... 'बसलं बघा!' काय बसलं? कुठं बसलं? पण उठलो तर खरंच हलका! दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बूट घालायला वाकलो आणि संपलं!

मग फिजिओथेरपिस्ट. अक्षता नावाची, वय माझ्या नोकरीपेक्षा तीन वर्षांनी जास्त. तिनं मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी दाबलं, पाय हलवून बघितले, बरं वाटलं, म्हटलं निघतो. 'काका, हे नुसतं मोकळं करायचं. खरं काम तुमचंच हाय,' म्हणून व्यायामाचा कागद हातात! उताणं झोपा, गुडघे दुमडा, कंबर उचला, दहा आकडे मोजा, रोज दोनदा. आजारी मी, आणि काम पण मीच करायचं?

आठ दिवसांनी छाती काढून सांगितलं, 'सगळं केलं.'

'मग दाखवा की.'

झोपलो... आणि खिशातनं कागद काढला! 'काका, जागेवर न जाता बातमी लिहिल्यासारखं झालं हे!' हे मला? वर म्हणते, 'पाठीला तेलाचा वास येतोय. तालमीत पण जाताय व्हय?' पत्रकार मी, आणि उलटतपासणी माझी! कंबर माझी, पण मालक सगळं कोल्हापूर!

मग केलं. रागानं केलं. कचेरीत टेबलामागं कालचे अंक अंथरून. आमचा शिपाई आण्णा डोक्याशी उभा राहून ओरडायचा, 'आठ... साहेब, लटपटायला लागलं की!' सगळं ऑफिस गोळा! पण तीन आठवड्यांत दुखणं निम्मं झालं हो. मला आवडलं नाही, पण झालं.

महिना भरला. मी मुद्दाम अक्षताकडून चिठ्ठी लिहून घेतली, 'रुग्णाने फार वेळ बसू नये, रोज चालावे', आणि संपादकांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, आता बसवा डेस्कवर!

त्यांनी दोनदा वाचली. 'बरोबर आहे. डेस्क नको. पण मग राजकारण तरी कसं जमणार? चार-चार तास सभेत बसायचं काम ते.' आणि मला दिलं काय? शहरातले खड्डे आणि गटारी! रोज, पायी!

आता राजकारण तेजस्वी नावाची कालची पोरगी लिहिते, आणि मी गटारीच्या काठावर उभा राहून खोली लिहून घेतो. रजा टाकावी म्हटलं तर कारण काय देऊ... मेली कंबरच दुखत नाही!