नाव विचारायचं नाही

जमादार : मी आधीच सांगतो मॅडम, हे माझ्या कपाटातून गेलंय.

मॅडम : जमादार, हळू. पाहुण्यांना आपली भाषा कळते.

जमादार : कळू दे की. कळावं म्हणूनच बोलतोय.

पाहुणा : मला समजते. दोन वर्षे शिकलो आहे. आपण मला चोर म्हणता आहात का?

जमादार : अजून नाही म्हटलं. आधी वाचून दाखवतो, मग काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. हा तुमच्या देशाच्या पोलिसांचा अहवाल, बरोबर? आज पहिल्यांदा माझ्या हातात आला. ‘पिवळे दुमजली घर. वरच्या मजल्यावर तीन संशयित भाडेकरू. खोलीत अकरा सिलिंडर, एकाला निळी टोपी. स्फोटाची तयारी.’

मॅडम : मग? आपल्या अहवालातही अकराच आहेत. जुळतंय म्हणूनच तर चार वाजता छापा ठरला. दोन देश, दोन वेगळे खबरे आणि खबर एकच. करारातच आहे, दोन्हीकडून दुजोरा आल्याशिवाय दार फोडायचं नाही.

जमादार : पुढं ऐका. ‘मागच्या जिन्याची तिसरी पायरी मोडकी.’ सिलिंडर मी लिहिले मॅडम, पण पायरी नाही लिहिली. ती माझ्या खबऱ्यानं तोंडी सांगितली. माझ्या वहीत आहे, आणि वही कुलपात. मग ही पायरी सरहद्दीपलीकडे चालत गेली का?

पाहुणा : पायरी मोडकी असेल तर ती कोणालाही दिसेल.

जमादार : दिसेल ना. पण ‘म्हातारीच्या पुढच्या दातासारखी’ मोडलेली कुणाकुणाला दिसेल? खालची ओळ वाचा. तुमच्याच कागदात आहे.

मॅडम : बघू... हो की. आहे खरं.

जमादार : हे माझ्या माणसाचे शब्द, जसेच्या तसे. कुणीतरी वही उघडलीये, नाहीतर आमचं बोलणं ऐकलंय. मागच्या आठवड्यात हेच साहेब आमची रेकॉर्डची खोली बघायची म्हणून दोन तास बसले होते. चहा मीच पाजला.

पाहुणा : चहा थंड होता. आणि मी आपल्या वहीला हात लावला नाही. आता मी विचारतो. आमच्या माणसाने हे चौदा तारखेला सांगितले. आपल्या वहीत कोणती तारीख आहे?

जमादार : सोळा.

पाहुणा : म्हणजे आमच्याकडे दोन दिवस आधी. आमच्या कार्यालयात आपण भेट दिलेले फोन आहेत. मी ते उघडून बघू का, आत काय बसवले आहे?

मॅडम : पुरे! तीन वाजून वीस झाले. चाळीस मिनिटांत तुकडी आत घुसेल, उद्या दोन्हीकडचे मंत्री फोटो काढायला येणार, आणि तुम्ही दोघं सवतींसारखे भांडताय.

जमादार : मॅडम, खबऱ्याचं नाव फुटलं की त्याचा जीव गेला समजा. माझा माणूस उघडा पडलाय आणि मी भांडू नको?

पाहुणा : माझाही माणूस आहे.

मॅडम : थांबा. मला एक सांगा जमादार, तुमचा माणूस सरहद्दीपलीकडे जातो-येतो का?

जमादार : ते विचारायचं नाही. एकमेकांच्या माणसाचं नाव-गाव विचारायचं नाही, असं ठरलंय. आम्हीच ती अट घातली.

पाहुणा : क्षमा करा. ती आम्ही घातली.

मॅडम : दोघांनी घातली आणि दोघंही खूश झालात. हा कागद घ्या, अर्धा अर्धा करा. दोघांनीही नाव लिहा आणि घडी करून माझ्या हातात द्या. मी वाचीन, दाखवणार कुणालाच नाही.

जमादार : बारा वर्षांत हे नाव मी बायकोला सांगितलं नाही.

मॅडम : मलाही सांगू नका. लिहा.

(मॅडम दोन्ही चिठ्ठ्या उघडते. एकदा वाचते, पुन्हा वाचते, आणि दोन्हींचे बारीक तुकडे करते.)

मॅडम : एकच नाव आहे.

जमादार : काय म्हणालात?

मॅडम : चोरी कुणीच केली नाही. एकाच माणसानं दोन्ही दारांत जाऊन एकच गोष्ट सांगितली. आपण दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणालो, वा, काय जुळतंय!

पाहुणा : म्हणजे दुजोरा नाही.

मॅडम : कसला दुजोरा? माणूस एक, आपण आरशात बघून दोन मोजले.

जमादार : आठवड्यातून दोनदा ट्रक घेऊन पलीकडे जातो, हे माहीत होतं मला. तिकडं कुणाच्या दारात उभा राहतो, ते नव्हतं. लबाड लेकाचा! पण मॅडम, खोटं कधी बोलला नाही हो.

पाहुणा : आमच्याशीही नाही. आम्हाला म्हणाला, वरच्या मजल्यावर फक्त तीन पुरुष दिसतात.

मॅडम : जमादार? तुम्हाला काय म्हणाला?

जमादार : मला म्हणाला होता, मागच्या दोरीवर तान्ह्या पोराची झबली वाळत असतात.

मॅडम : हे अहवालात कुठंय?

जमादार : नाही लिहिलं.

मॅडम : का?

जमादार : वाटलं, खालच्या मजल्यावरची असतील. आणि खरं सांगू? लिहिलं असतं तर वरून दहा प्रश्न आले असते, आठवडा गेला असता. यांच्या आधी आपली खबर टेबलावर पडावी, एवढंच डोक्यात होतं.

पाहुणा : मलाही एक सांगायचे आहे. तो आम्हाला म्हणाला होता की हे तिघे कदाचित फ्रिज दुरुस्त करणारे असतील. सिलिंडर त्या गॅसचे असू शकतात. आम्ही ते वाक्य वगळले.

मॅडम : शाबास. दोघांनीही नको ते गाळलं, मग उरलेलं जुळणारच! फोन द्या इकडे... हॅलो, साहेब, मी बोलतेय. छापा थांबवावा लागेल... नाही साहेब, खबर एकाचीच आहे, दोघांची नाही... उद्याच्या फोटोचं माहीत आहे मला... जमादार, घ्या. साहेबांना तुमच्या तोंडून ऐकायचंय.

जमादार : साहेब, खबर माझी, म्हणून मीच सांगतो. मी ती अर्धीच लिहिली होती. आत तान्हं मूल असेल, तिघं कामगारही असतील... नाही साहेब, खात्री नाही. बॉम्ब नाहीच, असंही म्हणत नाही... हो, चूक माझीच. लेखी देतो. तीन महिन्यांनी रिटायर होतोय, पेन्शनचं काय ते तुम्ही बघा... घर मोकळं सोडू नका, पहारा राहू द्या. फक्त दार फोडायच्या आधी एकदा वाजवू द्या... मीच जाईन. साध्या कपड्यांत, पाण्याचा मीटर बघायला आलो म्हणून... बरं साहेब.

मॅडम : काय म्हणाले?

जमादार : पाच वाजेपर्यंत थांबतो म्हणाले. पुढं त्यांचं ते.

पाहुणा : मी येतो.

जमादार : आमच्या हद्दीत दार वाजवायचा अधिकार नाही तुम्हाला.

पाहुणा : वाजवा आपणच. मी फक्त उभा राहीन. अर्धी चूक आमची आहे.

जमादार : आत काय असेल, सांगता येत नाही साहेब.

पाहुणा : ते मला समजते.

मॅडम : जा दोघंही. शर्टाच्या आत चिलखत घाला. आणि जमादार, दाराच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा.

जमादार : हो मॅडम. चला साहेब. जिना अरुंद आहे, दोघं शेजारी मावणार नाहीत. मी पुढे, तुम्ही मागे.

पाहुणा : म्हणजे आपला माझ्यावर अजूनही विश्वास नाही.

जमादार : पाठ कुणाकडे करतोय, ते बघा की साहेब.