किल्ली न टांगता घेतलेली लस

आज शनिवार, एकतीस तारीख. सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या बस डेपोचे व्यवस्थापक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आणि ज्यांना निरोप घ्यायचाच नाही हे चेहऱ्यावरून दिसतंय त्या आपल्या सिस्टर, आणि वर्कशॉप, कँटीन, स्टिअरिंग सोडून इथे आलेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

आधी माफी मागते. माझ्या खिडकीतून मी रोज तुम्हाला ड्यूटी वाटते, पण माईकसमोर उभी राहिल्याला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी दोन निरोप समारंभांत माझं नाव पुकारलं गेलं आणि मी चहा बघायला म्हणून सटकले. आज सटकणं शक्य नव्हतं. चहाजवळ सिस्टरच उभ्या होत्या.

सिस्टरांनी या डेपोत किती जखमा बांधल्या हे इतर वक्ते सांगतील. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. फ्लूची लस.

हसू नका. मला प्रामाणिकपणे एक प्रश्न पडतो. पोराच्या लसीची तारीख चुकली तर आपण घर डोक्यावर घेतो. मग स्वतःच्या वेळी आपल्याला काय होतं? ही लस दरवर्षी मोफत येत होती. सिस्टरांनी पोस्टर लावली, कँटीनमध्ये व्याख्यान दिलं. टाळ्या कडकडून पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्टर एकट्या. कारणं तर काय सुरेख! कोणी म्हणे, सर्दीच ती, आल्याशिवाय राहते का. कोणी म्हणे, माझ्या साडूने घेतली आणि रात्री अंग तापलं. आणि आपले भोंगा, म्हणजे ज्यांचा आवाज हॉर्नच्या वर जातो ते आपले सर्वांत ज्येष्ठ ड्रायव्हर, ते म्हणाले, "सिस्टर, एकदा घेतली होती ना! दरवर्षी काय?"

"इंजिनातलं ऑइल एकदाच बदलता का हो?" सिस्टर म्हणाल्या.

भोंगांनी हसून ऐकून घेतलं. पण आले नाहीत.

आता जे सांगते ते वहिनींना, म्हणजे भोंगांच्या पत्नीला विचारून सांगते आहे. त्या तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. त्यांना जुना दमा आहे. त्यांनी स्वतः लस घेतलेली असते, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की घरातल्यांनीही घ्यायला हवी. तीन हिवाळ्यांमागे भोंगांना फ्लू झाला, पाठोपाठ वहिनींना, आणि वहिनींना हॉस्पिटलात ऑक्सिजन लावावा लागला. भोंगा गणवेशातच बाहेरच्या बाकावर बसून होते. इकडे आम्ही त्यांच्या गाडीची किल्ली शोधत होतो. ती त्यांच्या खिशात होती. मुठीत धरलेली, असं वहिनी सांगतात.

वहिनी बऱ्या झाल्या. पुढचा हंगाम आला. आता तरी भोंगा पहिले येतील असं आम्हाला वाटलं. नाही आले. "उद्या येतो," म्हणत राहिले. मग सांगा, ज्या माणसाने तो बाक पाहिला आहे, त्याला लसीचं महत्त्व पटलेलं नव्हतं, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

सिस्टरांचं मोठेपण इथे आहे. त्यांनी आणखी एक पोस्टर लावलं नाही. त्या माझ्या खिडकीशी आल्या, भोंगांना तिथे गाठलं आणि म्हणाल्या, "रागावणार नाही. खरं काय ते सांगा."

भोंगा पहिल्यांदाच हळू बोलले. "किल्ली टांगावी लागते हो."

पाहुण्यांसाठी खुलासा करते. आमच्याकडे ड्यूटीवरचा ड्रायव्हर दवाखान्यात गेला की त्याची किल्ली माझ्या खिडकीतल्या बोर्डावर टांगायची, आणि टांगलेली किल्ली पुढच्या ड्रायव्हरला द्यायची. फेरी रद्द होऊ नये म्हणून फार जुना रिवाज. पण ड्रायव्हरची गाडी म्हणजे त्याने बसवलेली सीट, त्याने लावलेला आरसा, त्याच्या पायाला कळलेला क्लच. धडधाकट माणसाने ती सोडायची, आणि परत आल्यावर गिअर टाकताना किंचाळणारी गाडी घ्यायची? वर मित्र विचारणार, "काय रे, आजारी पडलास?" ड्यूटी संपल्यावर जावं तर दवाखाना बंद. आणि हे कारण सांगायची लाज वाटते, म्हणून साडूचा ताप पुढे करायचा.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, हे औषधाचं काम नाही. हे पार्किंगचं काम आहे."

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर रोज संध्याकाळी धुलाईच्या रॅम्पवर उभ्या राहिल्या, लसीची थंड पेटी घेऊन. परतलेल्या गाड्या तिथे रांगेत थांबतात. इंजिन बंद, प्रवासी उतरलेले, ड्रायव्हर आपल्याच सीटवर कंटाळलेला. लस घेतल्यावर थोडा वेळ बसायचं असतं. हा तसाही बसलेलाच. सिस्टरांची उंची खिडकीपर्यंत पोचेना म्हणून वर्कशॉपने लोखंडी पायरी जोडून दिली. पहिली गाडी भोंगांची.

"हात बाहेर काढा."

"खिडकीतून हात बाहेर काढू नका, असं मी जन्मभर ओरडत आलोय."

"ते प्रवाशांना. काढा."

हात बाहेर आला. किल्ली जागच्या जागी राहिली. मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं, "भोंगा, रडू नको रे!" आणि जो ओरडला त्याचीच बाही सिस्टरांनी पुढे वर करायला लावली.

दोन हंगाम झाले. आज डेपोत बाही वर न केलेला ड्रायव्हर शोधावा लागतो. दोन्ही हिवाळ्यांत फेऱ्या कमी रद्द झाल्या आणि वहिनी घरीच राहिल्या. हे सगळं लसीमुळेच, असं मी म्हटलं तर सिस्टरच मला खाली बसवतील. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, धोका कमी होतो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण एवढं मी छातीठोकपणे म्हणेन: माणसांना अडाणी न ठरवता त्यांची अडचण विचारणारी बाई आपल्या डेपोत होती, याचा मला अभिमान आहे.

साहेब, आता तुमच्याकडे वळते. पुढच्या महिन्यात धुलाईचं स्वयंचलित मशीन येतंय. आनंद आहे. पण गाडी इकडून शिरेल, तिकडून निघेल. रांग संपेल, आणि रांगेबरोबर ते बसणंही. पुन्हा किल्ली टांगायची वेळ आली तर मला भोंगांचं "उद्या येतो" आत्ताच ऐकू येतंय. वहिनींनाही येत असणार. मशीनच्या पुढे ओली गाडी निथळायला एक जागा आखून द्या, म्हणजे ड्रायव्हर तिथे सीटवर बसलेलाच सापडेल. नव्या सिस्टर सोमवारी रुजू होत आहेत. पायरी आम्ही आजच्या सिस्टरांना भेट म्हणून देणार होतो, तर त्या म्हणाल्या, "घरी कोणाच्या खिडकीला लावू? इथेच राहू दे."

...साहेबांनी होकारार्थी मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना? भोंगा, तुम्ही मोठ्याने सांगा, मागच्यांना कळू दे.

सिस्टर, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, म्हणून ही हकीकत सांगितली. आयोजकांचे आणि ऐकून घेणाऱ्यांचे मनापासून आभार. कोणाचं गुपित जास्त उघडं पडलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपली म्हणून पदरात घ्या. बोलताना हातावर एक ओळ लिहून घेतली आहे, तेवढी वाचते आणि बसते.

उद्या : पांढरा रंग आणून पट्टा आखून घेणे.