नावेतलं गाळलेलं पान

शिवणकाम करणाऱ्या मावशींना डोळ्यांत थेंब घातल्यापासून दवाखान्यातली माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. म्हणून त्या डोळे मिटून नुसत्या ऐकत बसल्या. शेजारी एक मुलगी वडिलांना जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होती.

"ड्रॅगन कोसळला. राजकन्या नदीवर आली. नावाडीण तिची वाट पाहत होती. सकाळी सैन्य परत निघालं."

"मधलं काय गाळलंस?"

"काही नाही, बाबा."

"दोन पानं उलटलीस. थेंब डोळ्यांत घातलेत, कानांत नाही."

"...राजकन्येने चिलखत उतरवलं. नावाडिणीने तिचे केस धुतले. मग एकाच घोंगडीत, एकमेकींच्या कुशीत, नाव नेईल तिकडे त्या वाहत गेल्या."

मावशींना आपली खुर्चीही हलकेच डुलल्यासारखी वाटली.

"छान आहे की. हे कशाला गाळायचं?"

"तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"राजाला ठाऊक आहे का हे?"

"तिने सांगितलं नाही अजून. भीती वाटते तिला."

"ड्रॅगनला भ्यायली नाही ती."

"बापाची गोष्ट वेगळी असते, बाबा."



"तुझी मैत्रीण दर वेळी आपल्याला इथे सोडते आणि खाली गाडीत बसून राहते."

"हो."

"तिला कशाला उन्हात ताटकळत ठेवतेस? वर बोलाव. पुढचं तिच्या तोंडून ऐकू."

मावशींनी चाचपडत शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.